युरोपोल आणि संयुक्त संसदीय छाननी : विलंबित उत्तरदायित्वाचा इतिहास

प्रस्तावना

पोलीस यंत्रणा कोणाला उत्तरदायी असते, या प्रश्नाचे उत्तर आधुनिक राज्यव्यवस्थेत ठरलेले आहे. ठाण्यातील अधिकारी वरिष्ठाला, वरिष्ठ गृहमंत्र्याला आणि गृहमंत्री विधिमंडळाला जबाबदार असतो. ही साखळी व्यवहारात अनेकदा सैल पडते, हे आपण सर्वच जाणतो. परंतु तिचे अखेरचे टोक कोठे आहे याविषयी संदिग्धता नसते. पोलिसांचे काम राष्ट्राची सीमा ओलांडू लागते तेव्हा मात्र हे टोक सापडेनासे होते. एका देशाच्या पोलिसांनी गोळा केलेली माहिती दुसऱ्या देशात साठवली जाते, तिसऱ्या देशात वापरली जाते आणि चौथ्या देशातील नागरिकाची त्यावरून चौकशी होते. त्या नागरिकाने आपले गाऱ्हाणे कोणत्या संसदेपुढे न्यावे?

प्रस्तुत लेखात युरोपीय संघाच्या 'युरोपोल' या पोलीस सहकार्य संस्थेवरील संसदीय देखरेखीचा १९९१ ते २०२३ या काळातील इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या इतिहासात एक क्रम वारंवार आढळतो. यंत्रणा आधी उभी राहते, तिचा कायदा नंतर येतो आणि संसद त्याही नंतर येऊन पोहोचते. २०१७ मध्ये स्थापन झालेला संयुक्त संसदीय छाननी गट हा क्रम बदलण्यासाठी होता. तो बदलला काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक वाटतो. वर्गात युरोपीय संघ शिकवताना युरोपोलचा उल्लेख आला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील गुप्तहेर उभे राहतात. वस्तुतः युरोपोलला कोणालाही अटक करण्याचा अधिकार नाही. सदस्य राष्ट्रांच्या पोलिसांकडून माहिती घेणे, तिचे विश्लेषण करणे आणि ती परत पुरवणे हेच तिचे प्रमुख कार्य होय. त्यामुळे तिच्यावर देखरेख करायची म्हणजे माहितीवर देखरेख करायची, आणि संसदेच्या दृष्टीने हे काम लाठी-बंदुकीवरील देखरेखीपेक्षा अधिक अवघड आहे.

ट्रेवीपासून हेगपर्यंत

युरोपातील पोलीस सहकार्याचे मूळ 'ट्रेवी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रिगटात आहे. डिसेंबर १९७५ मध्ये रोम येथील युरोपीय परिषदेत त्याचा निर्णय झाला आणि १९७६ पासून गृह व न्याय खात्यांचे मंत्री दहशतवादविरोधी सहकार्यासाठी नियमित भेटू लागले. हा गट युरोपीय समुदायाच्या करारांच्या बाहेर होता. त्याला स्वतःचे सचिवालय नव्हते आणि त्याच्या कामकाजाची विचारणा करू शकेल अशी संसदही नव्हती. सहकार्याची ही मंत्र्यांपुरती मर्यादित, बंद दाराआडची पद्धत पुढील संस्थेच्या अंगी मुरली.

जून १९९१ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय परिषदेत जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी युरोपीय पोलीस कार्यालयाची कल्पना मांडली. अंतर्गत सीमा खुल्या होणार असतील तर गुन्हेगारांचा पाठलागही सीमेपाशी थांबता कामा नये, हा त्यामागील युक्तिवाद होता. १९९२ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या मास्ट्रिक्ट करारात युरोपोलचा उल्लेख आला. तथापि प्रत्यक्ष आरंभासाठी कायद्याची वाट पाहण्यात आली नाही. जून १९९३ मधील मंत्र्यांच्या कराराच्या आधारे 'युरोपोल अमली पदार्थ विभाग' निर्माण करण्यात आला आणि जानेवारी १९९४ मध्ये हेग येथे त्याचे काम सुरू झाले. युरोपोल अभिसंधीवर स्वाक्षऱ्या झाल्या त्या २६ जुलै १९९५ रोजी. ती अमलात आली १ ऑक्टोबर १९९८ रोजी आणि तिच्यानुसार पूर्ण कामकाज सुरू झाले १ जुलै १९९९ रोजी. म्हणजे जवळजवळ साडेपाच वर्षे यंत्रणा अभिसंधीविनाच कार्यरत होती.

या अभिसंधीत संसदेचे स्थान काय होते? कलम ३४ नुसार मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षपदावरील राष्ट्राने युरोपीय संसदेला वर्षातून एकदा विशेष अहवाल द्यावयाचा होता. प्रश्न विचारण्याचा, संचालकांना पाचारण करण्याचा वा अर्थसंकल्प अडवण्याचा अधिकार या संसदेला नव्हता. युरोपोलचा खर्च सदस्य राष्ट्रांच्या अंशदानातून होत असल्यामुळे तिच्या हाती थैलीची दोरीही नव्हती.

राष्ट्रीय संसदांची स्थिती निराळी होती आणि या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे वाटते. अभिसंधी हा आंतरराष्ट्रीय करार असल्यामुळे तिला आणि तिच्यातील प्रत्येक दुरुस्तीला सर्व सदस्य राष्ट्रांचे अनुसमर्थन आवश्यक होते. २०००, २००२ आणि २००३ मध्ये झालेले तीन दुरुस्ती-मसुदे अमलात येण्यास २००७ साल उजाडले. प्रशासकांना ही दिरंगाई असह्य झाली. संसदांच्या बाजूने पाहिले तर मात्र हा त्यांच्या हातातील एकमेव, जरी बोथट, अंकुश होता. त्यांना मसुद्यात शब्द बदलता येत नव्हता, पण नकार देता येत होता. ६ एप्रिल २००९ च्या मंत्रिपरिषदेच्या निर्णयाने अभिसंधीची जागा घेतली आणि १ जानेवारी २०१० पासून युरोपोल ही संघाच्या अर्थसंकल्पातून चालणारी संस्था झाली. युरोपीय संसदेला खर्चाच्या मार्गाने प्रवेश मिळाला. राष्ट्रीय संसदांच्या हातचा अंकुश मात्र त्याच दिवशी गेला. पुढे आलेल्या संयुक्त गटाकडे पाहताना ही हानी विसरता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो गट म्हणजे, अंशतः तरी, या हानीची भरपाई होती.

'नियंत्रण' की 'छाननी'?

संयुक्त संसदीय समितीची कल्पना लिस्बन करारापेक्षा जुनी आहे. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेच्या पुढाकाराने हेग येथे भरलेल्या परिषदेत 'पार्लोपोल' या नावाने तिची चर्चा झाली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये युरोपीय आयोगाने युरोपोलवरील लोकशाही नियंत्रणाविषयीच्या निवेदनात राष्ट्रीय व युरोपीय संसदसदस्यांच्या संयुक्त समितीचा पर्याय पुढे ठेवला. त्या वेळी त्यातून काही निष्पन्न झाले नाही. १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन कराराने मात्र हा विषय करारातच आणला. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या कलम ८८ नुसार युरोपोलविषयीच्या विनियमात युरोपीय संसदेने राष्ट्रीय संसदांसह करावयाच्या देखरेखीची पद्धती निश्चित करणे बंधनकारक झाले.

येथे भाषेचा एक प्रश्न उद्भवतो आणि तो केवळ भाषेचा नाही. इंग्रजी पाठात 'स्क्रुटिनी' हा शब्द आहे. फ्रेंच पाठात 'कोंत्रोल' आणि जर्मन पाठात 'कोंट्रोले'. फ्रेंच शब्दात तपासणीचा अर्थ आहेच, परंतु त्याची छटा इंग्रजी शब्दापेक्षा कडक आहे. शिवाय इंग्रजी पाठातील रचना दोन्ही संसदांना जवळजवळ बरोबरीने उभे करते, तर फ्रेंच पाठात देखरेख युरोपीय संसदेची आणि राष्ट्रीय संसदा तीत 'सहभागी' करून घेतलेल्या, असा क्रम दिसतो. संघाच्या सर्व अधिकृत भाषांतील पाठ समान प्रमाण असल्यामुळे कोणीही आपल्या सोयीचा पाठ हाती धरावा, अशी स्थिती निर्माण झाली. मराठीत आपल्याला 'नियंत्रण', 'देखरेख' आणि 'छाननी' हे तीन शब्द उपलब्ध आहेत. नियंत्रणात थांबवण्याची शक्ती गृहीत असते, देखरेखीत सातत्य असते. छाननी मात्र कागद समोर आल्यावरच सुरू होते. प्रस्तुत लेखात गटाच्या नावासाठी 'छाननी' हा शब्द योजला आहे तो याच कारणाने.

ब्रातिस्लाव्हातील तडजोड

नवा विनियम ११ मे २०१६ रोजी संमत झाला आणि १ मे २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५१ ने संयुक्त संसदीय छाननी गटाची तरतूद केली; परंतु त्याची रचना संसदांनी आपसात ठरवावी असे म्हटले. एप्रिल २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथील संसदाध्यक्षांच्या परिषदेत ती ठरली. युरोपीय संसदेचे कमाल १६ सदस्य आणि प्रत्येक राष्ट्रीय संसदेचे कमाल ४. द्विगृही संसद असल्यास दोन्ही सभागृहांना समान वाटा. वर्षातून दोन बैठका : पहिल्या सहामाहीत अध्यक्षपदावरील राष्ट्राच्या संसदेत आणि दुसऱ्या सहामाहीत ब्रसेल्स येथे. पहिली बैठक ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रसेल्सला झाली.

या आकड्यांचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. शंभराहून अधिक सदस्यांचा, वर्षातून दोनदा भेटणारा, ज्याच्या निम्म्या बैठकांचे गाव दर वर्षी बदलते असा हा गट आहे. राष्ट्रीय संसदेतील सदस्य निवडणुकांनुसार बदलत राहतात. कार्यकारी संचालक आणि व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष गटापुढे उपस्थित राहतात. युरोपीय माहिती-संरक्षण पर्यवेक्षकही गटाच्या विनंतीवरून वर्षातून किमान एकदा येतात. सदस्यांना तोंडी व लेखी प्रश्न विचारता येतात, बहुवार्षिक कार्यक्रमाविषयी गटाचा सल्ला घेतला जातो आणि गटाला सारांशरूप निष्कर्ष काढता येतात. ते निष्कर्ष कोणावरही बंधनकारक नाहीत. संचालकांची नियुक्ती वा पदच्युती गटाच्या हाती नाही आणि खर्चाला मान्यता देण्याचा अधिकार युरोपीय संसदेने आपल्याकडेच ठेवला आहे.

असे असले तरी गट निरुपयोगी ठरतो असे म्हणणे घाईचे होईल. आपल्याकडील स्थितीशी तुलना केली असता हे जाणवते. केंद्रीय अन्वेषण विभाग आजही १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर उभा आहे. त्या कायद्याच्या कलम ६ नुसार राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती २०२० मध्ये काढून घेतली आणि २०२२ मध्ये, राज्यातील सत्तांतरानंतर, पुन्हा दिली. दोन्ही वेळा निर्णय सरकारचा होता, विधिमंडळाचा नव्हे. केंद्र आणि राज्य येथील आमदार-खासदारांनी एकत्र बसून अशा यंत्रणेच्या प्रमुखाला प्रश्न विचारावेत, अशी व्यवस्था आपल्या संघराज्यात नाही. दोन्ही संस्थांचे स्वरूप भिन्न असल्याने ही तुलना फार ताणता येणार नाही. एवढे मात्र खरे की सत्ताधारी आणि विरोधक, मध्यवर्ती आणि घटक संसद यांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात पोलीस प्रमुखाला प्रश्न विचारतात, ही घटना संसदीय इतिहासात विरळा आहे.

माहितीचा डोंगर

गटाची खरी कसोटी लागली ती माहितीच्या प्रश्नावर. २०१६ च्या विनियमानुसार युरोपोलला केवळ ठरावीक वर्गांतील व्यक्तींचीच माहिती ठेवता येत होती : संशयित, दोषी ठरलेले, भविष्यात गुन्हा करण्याची साधार शक्यता असलेले, त्यांचे संपर्क व सहकारी, पीडित, साक्षीदार आणि खबरे. परंतु जप्त संगणक आणि दूरध्वनी यांच्यातून मिळणारी माहिती अशी वर्गवार लावलेली नसते. एका संशयिताच्या दूरध्वनीत त्याचा डॉक्टर, त्याचे शेजारी आणि त्याच्या मुलांचे शिक्षकही असतात. राष्ट्रीय पोलिसांनी पाठवलेले हे प्रचंड संच युरोपोलकडे साठत गेले. एप्रिल २०१९ मध्ये खुद्द कार्यकारी संचालकांनीच ही अडचण पर्यवेक्षकांच्या निदर्शनास आणली. त्यांनी चौकशी करून १७ सप्टेंबर २०२० रोजी युरोपोलला समज दिली आणि सुधारणा अपुरी वाटल्याने ३ जानेवारी २०२२ रोजी आदेश काढला. नव्याने येणाऱ्या संचांतील व्यक्तींचे वर्गीकरण ६ महिन्यांत न झाल्यास ती माहिती पुसून टाकावी, आणि आधीच साठलेल्या संचांसाठी १२ महिन्यांची मुदत, असा तो आदेश होता.

यानंतर जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. विनियमाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच मांडला होता. ८ जून २०२२ रोजी ती दुरुस्ती संमत झाली आणि २८ जूनपासून अमलात आली. वर्गीकरणपूर्व विश्लेषणासाठी तिने १८ महिन्यांची, आणि सकारण वाढवून एकूण ३ वर्षांपर्यंतची मुदत दिली. कलम ७४ अ आणि ७४ ब या संक्रमणकालीन तरतुदींनी तर पूर्वीच साठवलेल्या माहितीवर काम करण्याची वाटही मोकळी केली. जी माहिती पुसण्याचा आदेश स्वतंत्र पर्यवेक्षकाने दिला होता, ती राखण्याची मुभा विधिमंडळाने पूर्वलक्षी प्रभावाने दिली. आणि हे विधिमंडळ म्हणजे मंत्रिपरिषदेसह तीच युरोपीय संसद, जिचे १६ सदस्य छाननी गटात बसतात.

संसद कायदा करते आणि त्याच्या अंमलबजावणीवर लक्षही ठेवते, यात स्वतःहून विसंगती नाही. विसंगती अशी की देखरेखीतून उघड झालेला दोष सुधारण्याऐवजी तो दोषच कायदेशीर करण्यात आला, आणि या प्रक्रियेत राष्ट्रीय संसदांच्या प्रतिनिधींना मताधिकार नव्हता. गटात ते प्रश्नकर्ते होते. कायदा करताना ते प्रेक्षक होते. १९९५ च्या अभिसंधीखाली त्यांच्या संसदांना जो नकाराधिकार होता, तो या प्रसंगी असता तर काय झाले असते, हा इतिहासात न बसणारा, पण टाळताही न येणारा विचार मनात येतो.

दुरुस्तीने छाननी गटालाही काही दिले, हे नोंदवणे न्याय्य होईल. पूर्वी व्यवस्थापन मंडळ आवश्यक वाटल्यास गटाच्या एका प्रतिनिधीस निरीक्षक म्हणून बोलावू शकत असे. आता वर्षातून दोन साधारण बैठकांना दोन प्रतिनिधींना निमंत्रण देणे बंधनकारक झाले. मताधिकार मात्र नाही. मूलभूत हक्कांविषयी गटाला स्वतंत्र सल्ला देण्यासाठी सल्लागार मंचाची आणि युरोपोलमध्ये मूलभूत हक्क अधिकाऱ्याची तरतूद झाली.

पर्यवेक्षकांनी सप्टेंबर २०२२ मध्ये कलम ७४ अ व ७४ ब रद्द करण्यासाठी संघाच्या सर्वसाधारण न्यायालयात दावा दाखल केला. आपण दिलेला आदेश विधिमंडळाने मागाहून निष्प्रभ करावा यामुळे पर्यवेक्षकाच्या स्वातंत्र्याला बाधा येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ६ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने हा दावा दाखल करून घेण्यायोग्य नसल्याचे सांगून फेटाळला. या तरतुदींचा पर्यवेक्षकावर थेट परिणाम होत नाही, हे त्याचे कारण होते. तरतुदी योग्य की अयोग्य, या प्रश्नात न्यायालय शिरलेच नाही.