तळटीप : भुंगेऱ्यांचा जाणकार आणि मुरबाडचा उकिरडा

* लेखक येथे भुंगेऱ्यांच्या अभ्यासकाला रानात हयात घालवणारा माणूस मानतात. ते अर्धेच खरे. गिल्बर्ट जॉन ॲरो (१८७३-१९४८) यांची कारकीर्द लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, इतरांनी धाडलेले नमुने पारखण्यात गेली. तरी भारतातल्या गेंड्या भुंग्याच्या कुळाची शिस्तवार मांडणी १९१० साली त्यांनीच छापली. मेलेल्या किड्यावरून त्याचे जगणे काय कळणार, हा आक्षेप रास्त आहे, पण तो फार ताणू नये. गेंड्या भुंग्याच्या नराचे शिंग लांब, मादीचे आखूड, शिवाय मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा झुपका. ही दोन्ही रूपे एकाच जातीची, हे टाचणीला लावलेले पुष्कळ नमुने शेजारी मांडले की पक्के होते. मुरबाडकडे उकिरडा उपसताना निघणारी जाड, वाकडी, पांढरी अळी कुणालाही हुमणीच वाटेल. पण गेंड्या भुंग्याची अळी कुजक्या शेणखतावर जगते, आणि उपद्रव करतो तो मोठा भुंगा, तोही नारळाच्या कोंबाला. हुमणी जिवंत मुळे कुरतडते. उपाय उकिरड्यात करायचा की वावरात, हे या फरकावर ठरते. हुमणीचे कूळ मात्र ॲरो यांच्या भुंगेऱ्यांवरच्या खंडांत आलेलेच नाही. तिथे शेतातून अळ्या आणून त्या वाढवून पाहणाऱ्यांचेच काम. – संपादक