सभागृहातला आवाज वस्तीपर्यंत का येत नाही?

१९२४ साली न्यूयॉर्क शहराने सार्वजनिक पैशातून डब्ल्यूएनवायसी हे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून नगर परिषदेच्या सभा लोकांना घरबसल्या ऐकू येऊ लागल्या.

त्याच १९२४ साली आपल्या महाड नगरपालिकेने बोले ठरावाला अनुसरून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी पिऊन तो हक्क बजावला, तेव्हा ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! सभागृहाने दिलेला हक्क सभागृहच काढून घेऊ शकते, हा महाडचा धडा आम्ही विसरलेलो नाही.

७४व्या घटनादुरुस्तीने आमचे प्रतिनिधी राखीव जागांवरून सभागृहात पोहोचले. पण दलित वस्तीच्या निधीचा विषय निघाला की कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, हे वस्तीला कसे कळणार?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. तेलंगणात दलित स्त्रियांनी २००८ पासून संघम रेडिओ चालवून दाखवला. मग पैसा कुणी द्यायचा? नगरपालिकेनेच. सभा आमच्या करातून चालते. तिचे प्रक्षेपणही त्याच करातून व्हावे. त्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद हवी. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवरचे अनुदान पहिल्याच अडचणीच्या प्रश्नाला बंद पडेल.

मित्रांनो, येत्या अंदाजपत्रकाआधी ही मागणी आपापल्या नगरपालिकेत लेखी द्या.

जय भीम!