विरार लोकलमधले विमानवाले

मुंबईच्या विमानतळावर राबणारी पुष्कळ माणसं पश्चिम रेल्वेच्या लोकलमार्गाच्या उत्तर टोकाकडे राहतात. वैमानिकाला पवई किंवा अंधेरी परवडते. सामान चढवणारा लोडर, चेक-इन काउंटरवरची मुलगी, हँगरमधला टेक्निशियन यांच्या आवाक्यातली घरं असतात ती नायगाव, वसई, नालासोपारा, विरारला. विरार ते अंधेरी अंतर ३८ किलोमीटर. सकाळची पाळी असेल तर पहाटे अंधारातच लोकल पकडायची आणि पाळी मध्यरात्री सुटली की पहिली गाडी मिळेपर्यंत तिथेच कुठेतरी पाठ टेकायची. तरीही या नोकरीला इथे मान होता. गळ्यात विमानतळाचा पास, वेळेवर पगार आणि गृहकर्ज देताना बँकेने निःशंक ग्राह्य धरावी अशी पगाराची स्लिप.

म्हणून राजकीय वादळ आणि पैशाची तंगी यांत मोठी विमान कंपनी तगते का, हा प्रश्न या पट्ट्यात कर्जाच्या हप्त्याचा आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचा होतो. जेट एअरवेजने या प्रश्नाचं उत्तर २६ वर्षांत दिलं.

जेटचा जन्मच धुमसत्या मुंबईतला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी शहर होरपळलं होतं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंगही लक्ष्य ठरली. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, ५ मे १९९३ रोजी, नरेश गोयल यांच्या कंपनीचं पहिलं बोइंग ७३७ मुंबईहून अहमदाबादला झेपावलं. विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९५३ चा कायदा तेव्हा अजून रद्द व्हायचा होता. खासगी कंपन्या ‘एअर टॅक्सी’ या नावाखाली उडत होत्या. कायदा गेला १९९४ मध्ये.

त्या पिढीतली पहिली मोठी कंपनी ईस्ट-वेस्ट. तिचे व्यवस्थापकीय संचालक तकीउद्दीन वाहिद यांची १३ नोव्हेंबर १९९५ ला वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीची विमानं थांबली. दमानिया, मोदीलुफ्त हीसुद्धा हळूहळू आठवणीत जमा झाली. जेट टिकली. तिच्यामागे गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज यांचं भांडवल होतं, दोघांचा वाटा २०-२० टक्के. १९९७ मध्ये सरकारने परदेशी विमान कंपन्यांना भागीदारी बंद केली, तेव्हा गोयल यांनी तोही वाटा विकत घेऊन वेळ निभावली. शहरातला हिंसाचार आणि दिल्लीतला धोरणबदल, दोन्ही या कंपनीने पचवले. तिला पुढे जे भोवलं ते राजकारणातून आलं नाही.

२००५ मध्ये शेअर बाजारात जेटचा शेअर १,१०० रुपयांना गेला. त्याच सुमारास स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या आणि प्रवाशाचा हिशेबच बदलला. अशा वेळी, एप्रिल २००७ मध्ये, जेटने एअर सहारा १,४५० कोटींना घेतली. ही खरेदी जेटला जन्मभर पुरली. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा घास सगळ्यांत मोठा, आणि मुंबईत विमानाच्या इंधनावर २५ टक्के व्हॅट. (तो १८ टक्क्यांवर आला २०२३ च्या अर्थसंकल्पात. जेट तोवर बंद पडली होती.)

मग आला ऑक्टोबर २००८. १३ तारखेला जेट आणि किंगफिशर या हाडवैरी कंपन्यांनी हातमिळवणी जाहीर केली. १५ तारखेला जेटने एका फटक्यात १,९०० जणांना घरी बसवलं. त्यांत प्रोबेशनवरची तरुण मुलं-मुलीच जास्त. पिवळे कोट घातलेल्या हवाई सुंदऱ्या विमानतळाजवळच्या रस्त्यावर रडत उभ्या आहेत, हे दृश्य त्या दिवशी घराघरांतल्या टीव्हीवर दिसलं. मराठी घरांना ते विशेष लागलं. मुलीने विमान कंपनीत नोकरी धरली म्हणून पेढे वाटलेली घरं त्यांत होती.

नोकरी गेलेली मुलं राज ठाकरे यांच्याकडे गेली. यांना परत घेतलं नाही तर मुंबईतून जेटचं एकही विमान उडू देणार नाही, असा इशारा त्यांच्या मनसेने दिला. केंद्रात नागरी उड्डाण मंत्री होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल, त्यांनीही गोयल यांच्याशी बोलणं केलं. १६ तारखेच्या रात्री गोयल पत्रकारांपुढे आले आणि सगळ्यांना परत घेत असल्याचं सांगितलं. निर्णयामागे राजकीय दबाव नाही, मुलांच्या डोळ्यांतलं पाणी पाहवलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या रात्री १,९०० घरांत चूल पेटली, आणि हे यश कोणी कमी लेखू नये. पण कपात रद्द झाली म्हणून कंपनीच्या गंगाजळीत एक रुपयाही वाढला नाही. तेलाचं बिल, विमानांचं भाडं, सहाराच्या खरेदीचा बोजा सकाळी होता तेवढाच रात्री राहिला. सप्टेंबर २००९ मध्ये वैमानिकांनी सामूहिक आजारी रजा टाकली आणि काही दिवस वेळापत्रक कोलमडलं. तेही मिटलं. संप, मोर्चे, इशारे यांतून जेट दर वेळी बाहेर पडली.

पैशाचं दुखणं मात्र हाडात मुरलं होतं. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने २४ टक्के वाटा घेऊन सुमारे २,०६० कोटी ओतले, त्यावर काही वर्षं निघाली. २०१८ मध्ये तेल पुन्हा महागलं, रुपया घसरला, आणि पगार लांबू लागले. आधी वैमानिक आणि इंजिनिअरांचे, मग सगळ्यांचेच. भाडं थकल्यामुळे विमानं देणाऱ्या कंपन्यांनी आपापली विमानं उभी करायला लावली. सव्वाशेच्या आसपासचा ताफा एप्रिल २०१९ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. २५ मार्चला गोयल पती-पत्नी संचालक मंडळातून बाहेर पडले. स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांनी १,५०० कोटींची योजना जाहीर केली होती, ते पैसे आले नाहीत. शेवटी कंपनीने तातडीचे ४०० कोटी मागितले, तेही मिळाले नाहीत.

१७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलं. ते जेटचं शेवटचं. डोक्यावर आठ हजार कोटींहून अधिक बँककर्ज आणि पटावर सुमारे १६,००० माणसं.

तेव्हा लोकसभेची निवडणूक ऐन भरात होती. पालघर मतदारसंघाचं मतदान २९ एप्रिलला, म्हणजे जेट बंद पडल्यानंतर बाराव्या दिवशी. एकीकडे शिवसेनेचे राजेंद्र गावित, दुसरीकडे बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव. नालासोपाऱ्यात प्रचाराचे भोंगे फिरत होते आणि त्याच इमारतींतली माणसं अंधेरीला सिरोया सेंटर या जेटच्या मुख्यालयासमोर गणवेशात ठिय्या देऊन बसत होती. कर्मचारी संघटनेचं नेतृत्व किरण पावसकरांसारख्या जुन्या कामगार नेत्याकडे होतं. सगळ्याच पक्षांना सहानुभूती होती. पण २००८ मध्ये ज्याच्यावर दबाव टाकावा असा मालक समोर होता. २०१९ मध्ये समोर होत्या बँका, आणि त्यांना इशारा देऊन कर्ज मिळत नाही. जेट वाचवण्याचा आदेश द्यावा, ही याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली.

इथे एअर इंडियाकडे पाहिलं पाहिजे, कारण तिने सोसलं त्यापुढे जेटची वादळं किरकोळ ठरतात. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने जे. आर. डी. टाटांना अध्यक्षपदावरून काढलं. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानातल्या बॉम्बने ३२९ जीव घेतले. २०१२ चा वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. आणि याच कंपनीने १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर ४८८ फेऱ्यांत एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. आखातात माणूस असलेल्या वसईतल्या घरांना ते दिवस कोणी समजावून सांगायला नको.

ती जगली ती सरकारी खजिन्यावर. ऑगस्ट २०२१ अखेर तिचं कर्ज ६१,५६२ कोटी होतं. टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली, त्यातलं १५,३०० कोटी कर्ज त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि उरलेला ४६,००० कोटींवरचा भार सरकारी कंपनीच्या खात्यावर गेला. म्हणजे जनतेच्या. जेटसाठी हे कोणी करायला हवं होतं, असं नाही. खासगी मालकाचं कर्ज करदात्याने का फेडावं? पण एक कंपनी तगली आणि दुसरी बुडाली यामागे कारभाराची हुशारी होती, असं कोणी सांगितलं तर ते खरं मानू नये.

बंद पडल्यावर काही दिवसांतच स्पाइसजेटने पाचशेच्या वर माणसं उचलली. पुष्कळांनी कमी पगारावर दुसरीकडे काम धरलं, आणि वर्षाच्या आत, २५ मार्च २०२०ला, कोरोनामुळे देशांतर्गत सगळी प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर आली. दरम्यान कज्जा चालू राहिला. जून २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला, जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाची जेट पुन्हा उडवण्याची योजना मंजूर झाली, मे २०२२ मध्ये चाचणी उड्डाण होऊन परवानाही परत मिळाला. तिकीट काढलेला प्रवासी मात्र त्या विमानात कधी बसला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण मिळावी, यासाठी जेटच्या कर्मचाऱ्यांना अपील लवादापर्यंत जावं लागलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला, जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्वतःच्या हक्काच्या पैशासाठी पावणेचार वर्षं. उलट विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना, भाडं थकताच आपलं विमान झटपट परत नेता यावं म्हणून संसदेने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो करण्यात गैर काही नाही, विमानं स्वस्तात मिळायची तर असा भरवसा द्यावा लागतो. मात्र याच घाईने, पगार एक महिना थकला की विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीची नवी तिकीटविक्री थांबवावी, अशी तरतूदही व्हायला हवी होती. जेटच्या वेळी वैमानिक आणि इंजिनिअरांचे पगार जानेवारीपासून रखडले होते आणि तिकिटं एप्रिलपर्यंत विकली जात होती.