महावीर नावाची माणसं



महावीर जयंती जवळ आली की मोबाईलवर शुभेच्छांबरोबर नामवंतांच्या याद्याही येऊ लागतात. त्यात ज्याचं नाव महावीर तो आपला, असं धरून चाललेलं असतं. लेखक महावीरप्रसाद आपले, क्रांतिकारक महावीरसिंह आपले, ‘दंगल’ चित्रपटातले कुस्तीगीर महावीरसिंह फोगाटही आपले! फोगाटांनी मुलींना आखाड्यात उतरवलं आणि गीताने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, याचं कौतुक आपण करायचंच. पण त्यासाठी त्यांना जैन ठरवायची काय गरज?

मुळात हे नाव पाळण्यातलं नाही. जन्मानंतर ठेवलेलं नाव वर्धमान. राजा सिद्धार्थांच्या घरी तेव्हापासून समृद्धी वाढली म्हणून. वीर, अतिवीर, सन्मती आणि महावीर ही नावं नंतर मिळाली. संगम देव नाग होऊन आला, बाकीची मुलं पळाली, पण वर्धमान घाबरले नाहीत. तेव्हा देवानेच त्यांना महावीर म्हटलं, ही गोष्ट आपण पाठशाळेत ऐकलेली आहे. श्वेतांबर परंपरेत कल्पसूत्रातही आईवडिलांनी ठेवलेलं नाव वर्धमान आणि देवांनी दिलेलं नाव महावीर, असंच आहे. जे नाव धैर्य दाखवल्यावर मिळालं ते आपण बाराव्या दिवशीच बाळाच्या कानात सांगतो. आता तेही कमी झालंय म्हणा. हल्लीच्या पत्रिकांत वीर आणि विवान दिसतात, महावीर उरलाय तो किराणा, स्टील आणि ज्वेलर्सच्या पाट्यांवर.

उत्तरेत मात्र महावीर म्हटलं की आधी हनुमान आठवतो. तुलसीदासांनी हनुमान चालिसात मारुतीला महावीर म्हटलं आहे. बिहारमध्ये तर गंमतच आहे. भगवंतांचं निर्वाण झालं ते पावापुरी तिथलंच, आणि त्याच बिहारच्या राजधानीत, पाटणा स्टेशनसमोर जे प्रसिद्ध महावीर मंदिर आहे ते मारुतीचं. उलट राजस्थानात श्री महावीरजी नावाच्या रेल्वे स्टेशनवर उतरलात तर आपल्या क्षेत्राला पोचाल. यात्रेचं तिकीट काढताना एवढं लक्षात असू द्या.

यादीतले महावीरप्रसाद द्विवेदी (१८६४–१९३८) हे त्या दुसऱ्या महावीराचे. वडील मारुतीचे भक्त, म्हणून मुलाचं नाव महावीरसहाय. शाळेत मास्तरांनी चुकून महावीरप्रसाद लिहिलं आणि तेच कायम झालं. हे गृहस्थ रेल्वेत नोकरीला होते, ती सोडून ‘सरस्वती’ मासिक सांभाळलं आणि आजची हिंदी गद्यभाषा घासूनपुसून नीट केली. हिंदीवाले त्या काळाला द्विवेदी युगच म्हणतात. त्यांना मराठीही चांगली येत होती. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते ती दोन कारणांनी. एक, त्यांनी १९०८ साली ‘संपत्तिशास्त्र’ नावाचं अर्थशास्त्राचं पुस्तक हिंदीत लिहिलं. कॉमर्स शिकलेल्या बाईला हे आवडणारच. आणि दुसरं, पत्नी गेल्यावर त्यांनी गावी तिचं स्मृतिमंदिर बांधलं. त्यात लक्ष्मी आणि सरस्वती यांच्यामध्ये पत्नीची मूर्ती बसवली. लोक हसले असतील, त्यांनी पर्वा केली नाही.

महावीर त्यागी हे आणखी एक. जालियनवाला बागेनंतर लष्करातली नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आले, पुढे केंद्रात मंत्री झाले. लपवलेलं उत्पन्न आपणहून जाहीर करायची १९५१ सालची योजना ‘त्यागी योजना’ म्हणून ओळखली जायची. अक्साई चीनमध्ये गवताचं पातंही उगवत नाही असं लोकसभेत सांगितलं गेलं, तेव्हा यांनी स्वतःच्या टकलावर बोट ठेवून, इथेही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकू का, असं विचारलं होतं.

ज्यांना आपण खरोखर आपले म्हणू शकतो, ते मात्र या याद्यांत मला कधी दिसत नाहीत. महावीराचार्य. नवव्या शतकातले दिगंबर जैन गणिती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इसवी सन ८५०च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ग्रंथाची सुरुवात कशाने? भगवान महावीरांना वंदन करून. एका महावीराने दुसऱ्या महावीरापुढे वाकून लिहिलेलं हे अंकगणित आहे. नंतर राजाची स्तुती येते, आणि मग गणित कुठे कुठे लागतं ते सांगताना अर्थशास्त्र, संगीत, वैद्यक, वास्तुविद्या यांच्या रांगेत ते स्वयंपाकशास्त्रही घालतात. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी एक आचार्य आपल्या स्वयंपाकघराला गणितात जागा देतात, हे वाचून मी मुद्दाम चष्मा पुसून ती ओळ पुन्हा पाहिली.

पुस्तकात नऊ प्रकरणं आहेत. त्यातल्या मिश्रक व्यवहारात मुद्दल, व्याज, मुदत यांची उदाहरणं आहेत. बी.कॉम.ला आम्ही घोकलेल्या व्याजाच्या गणितांचे हे खापरपणजोबा. पण मला सगळ्यात आवडतं ते आंब्यांचं उदाहरण. आंब्यांच्या ढिगातून राजाने सहावा हिस्सा घेतला. उरलेल्यातला पाचवा राणीने. मग तीन राजपुत्रांनी एकामागून एक, उरलेल्यातला चौथा, तिसरा आणि अर्धा हिस्सा घेतला. सगळ्यात धाकट्याला ३ आंबे उरले. तर एकूण आंबे किती?

कागद नको, उलटं चालत या. शेवटी ३ उरले आणि त्याआधी अर्धे गेले, म्हणजे ६ होते. त्याआधी तिसरा हिस्सा गेला, म्हणजे ९. मग १२, मग १५, मग १८. उत्तर १८. आता प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ते मोजा. राजाला ३, राणीला ३, तिन्ही राजपुत्रांना ३-३ आणि धाकट्यालाही ३! सहावा, पाचवा, अर्धा असे हिस्से ऐकताना वाटतं कुणाला जास्त, कुणाला कमी. आमरसाच्या दिवसांत नातवंडांना हे घालून बघा, घर शांत होतं.

त्यांनी गुणाकाराच्या माळाही ओवल्या आहेत. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, १११११११११ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, पुन्हा सगळे एकच, आठ वेळा. अशा संख्यांना ते कंठिका म्हणतात, म्हणजे गळ्यातला दागिना. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळंच बरोबर होतं असं नाही. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते असं ते म्हणतात, ते चूक. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हणून अनंत मानलं. (भास्कराचार्यही दोन बरं का! एक सातव्या शतकातले, आणि ज्यांच्या अभ्यासासाठीच्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे ते बाराव्या शतकातले.)

अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने हा ग्रंथ तेलुगूत नेला. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांचं इंग्रजी भाषांतर निघालं. आणि १९६३ साली हिंदी भाषांतरासह तो छापला कुणी? आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने, जीवराज जैन ग्रंथमालेत. सोलापूरच्या मैत्रिणींनी पाठशाळेच्या सुट्टीतल्या शिबिरात यातली चार गणितं घेतली तर मुलं णमोकार मंत्राइतकीच आवडीने म्हणतील.

आता यादीतले महावीरसिंह. जन्म १९०४चा, उत्तर प्रदेशातल्या तेव्हाच्या एटा जिल्ह्यातला. भगतसिंहांचे साथीदार, लाहोर कटाच्या खटल्यात जन्मठेप, आणि शेवटी अंदमान. धर्माने ते जैन नाहीत. तरी मी त्यांच्याजवळ थांबते, कारण त्यांची गोष्ट उपवासाची आहे आणि तो विषय आपल्याइतका कुणाला कळणार?

भगवंतांच्या साडेबारा वर्षांच्या साधनेत पारण्याचे दिवस फक्त ३४९, असं श्वेतांबर ग्रंथ सांगतात. चंदनेच्या हातून झालेलं पारणं तर पाच महिने पंचवीस दिवसांच्या अभिग्रहानंतरचं. आपण दशलक्षणात किंवा अठाईत उपवास करतो तेव्हा तिसऱ्या दिवशी जीभ कशी कोरडी होते, सहाव्या दिवशी जिना कसा चढवत नाही, हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही.

मे १९३३मध्ये सेल्युलर जेलमधल्या राजकीय कैद्यांनी अन्न सोडलं. मागण्या साध्या होत्या. खाण्याजोगं जेवण, रात्री उजेड, वाचायला पुस्तकं. तुरुंगाने जबरदस्तीने दूध पाजायला सुरुवात केली. माणसाला धरून ठेवायचं आणि नाकातून नळी घालायची. महावीरसिंहांनी विरोध केला, दूध फुप्फुसात गेलं आणि १७ मे १९३३ला ते गेले. त्यांचा देह समुद्रात टाकला. त्याच उपोषणात मोहनकिशोर नामदास आणि मोहित मोइत्रा हेही गेले. त्यानंतर मागण्या मान्य झाल्या.

हे तप नव्हे, हे मी आधीच सांगते. आपल्या उपवासात मागणी नसते. निदान हे तर शल्यच मानलं आहे. उपोषणात मागणी असतेच. शिवाय आपलं पारणं किती मायेने होतं! घरातले सगळे गोळा होतात, कुणी मुगाचं कढण देतं, कुणी चमच्याने दूध. त्या माणसाला तेच दूध पाच-सहा जणांनी दाबून धरून दिलं. तरी माझं मत असं की अन्नाचा मोह सोडणं म्हणजे काय ते ज्या बायकांना ठाऊक आहे, त्यांनी हे नाव परकं समजू नये. त्यांना जैन ठरवून यादीत घालण्यापेक्षा ते कोण होते ते नीट सांगितलेलं बरं.

सावरकरांची कोठडी पाहायला आपल्याकडून अंदमानच्या सहली खूप जातात. सेल्युलर जेलसमोरच्या बागेत तिथे मरण पावलेल्या सहा कैद्यांचे पुतळे आहेत. बहुतेक जणी तिथे फोटो काढून पुढच्या बसकडे पळतात. पुढच्या वेळी खालच्या पाट्या वाचा. त्यातली एक महावीरसिंहांची आहे.