जळका वास आणि मेंदूतला काठ

लंडनमधील एका स्वयंपाकिणीला अधूनमधून काहीतरी जळत असल्याचा घाण वास येई. जवळ तसे काही नसतानाही येई. त्याबरोबर स्वप्नवत दृश्य दिसे. ह्यूलिंग्ज जॅक्सन व बीव्हर या डॉक्टरांनी तिचे म्हणणे बारकाईने नोंदवले. शवविच्छेदनात तिच्या मेंदूत, उजव्या कानशिलाच्या आतल्या भागात, गाठ सापडली. ही हकिगत १८८९ साली प्रसिद्ध झाली.

या प्रदेशाला आज लिंबिक संस्था म्हणतात. ‘लिंबस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ काठ. फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी १८७८ साली मेंदूच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्याला हे नाव दिले. त्यातला बदामासारखा अमिग्डाला भीतीशी, तर समुद्रघोड्यासारखा हिपोकॅम्पस स्मरणाशी निगडित आहे. वासाच्या संवेदनाही येथे पोहोचतात. म्हणून येथील गाठ कधी कधी नसलेला वास, अकारण भीती किंवा ‘हे पूर्वी घडले आहे’ असा भास यांतून प्रथम जाणवते.

उपचार मात्र अवघड होते. १९५३ साली अमेरिकेत स्कोव्हिल यांनी फेफरे थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन या तरुणाच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फेफरे कमी झाले, पण नव्या आठवणी टिकेनात. नेमके किती कापायचे, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

आपल्याकडे १९४९ साली वेल्लोरला जेकब चँडी यांनी मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत रामचंद्र गिंडे होते. दोघेही माँट्रियलला पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकलेले. तेव्हा मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत औषध सोडून क्ष-किरण चित्र काढीत. गाठ दिसत नसे. सरकलेल्या पोकळ्यांवरून व वाहिन्यांवरून तिचा अंदाज करावा लागे. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने प्रथमच जिवंत रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला. पुढे एमआरआय आले.

झुरिकमध्ये यासरगिल यांनी १९६७ पासून सूक्ष्मदर्शक वापरला. मेंदू चिरण्याऐवजी त्याच्या नैसर्गिक घडीतून वाट काढून ते खोलवरच्या गाठीपर्यंत पोहोचत. त्यामुळे शेजारचा निरोगी भाग बराच वाचू लागला.

अशा शस्त्रक्रियेसाठी घाटंजीच्या रुग्णाला मोठे शहर गाठावे लागते. पण निदानाची पहिली पायरी घाटंजीच्या वर्गातही चढता येते. एखादी मुलगी वारंवार क्षणभर हरवते, ओठ चाळवते, नसलेल्या वासाबद्दल बोलते. तिला दुर्लक्ष करणारी किंवा ‘बाहेरची बाधा’ झालेली समजू नये. दर वेळी गाठच असते असे नाही, बहुधा नसतेच. तरी वेळ, वर्णन व कालावधी लिहून ती नोंद पालकांसह डॉक्टरांकडे द्यावी. जॅक्सन यांनीही सुरुवात नोंदीनेच केली होती.