पाणचक्की, वक्फ आणि शहर

वक्फ हा शब्द आपल्या कानी पडतो तो बहुधा तंट्याच्या निमित्ताने. १९५४ चा कायदा झाला, १९९५ चा झाला, २०२५ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि प्रत्येक वेळी जमीन कोणाची एवढ्याच प्रश्नाभोवती बोलणे फिरत राहिले. या जमिनीच्या उत्पन्नातून एके काळी कोणाचे पोट भरत होते, कोणत्या शहराला पाणी मिळत होते, हा प्रश्न मात्र बाजूला पडतो. श्रोतेहो, आज मला त्या बाजूला पडलेल्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

वक्फ म्हणजे थांबविणे, रोखून धरणे. धन्याने आपली मिळकत धर्मकार्यासाठी बांधून ठेवली की पुढे ती विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटताही येत नाही. मूळ मिळकत जागच्या जागी राहावी आणि तिचे उत्पन्न तेवढे ठरल्या कामी खर्च व्हावे, असा हा बंदोबस्त. त्यावर देखरेख ठेवणारा तो मुतवल्ली. आपली देवस्थान इनामे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

या बंदोबस्तावर शहरे वसविण्याचे काम उस्मानी तुर्कांनी जेवढे केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. बोस्नियातील सारायेवो घ्या. १४६२ साली तेथील उस्मानी अधिकारी ईसाबेग याने वक्फनामा केला. त्यात वाटसरूंना उतरावयाची जागा होती, पूल होता, सराई होती, पाणचक्क्या होत्या. पुढे १५३१ च्या सुमारास गाझी हुस्रेवबेग याने मशीद बांधली, मदरसा काढला, गरिबांसाठी अन्नछत्र घातले आणि गावाबाहेरच्या झऱ्याचे पाणी नळांनी आत आणले. हा खर्च चालावा म्हणून त्याने बाजारपेठही बांधली. दुकानांच्या भाड्यावर अन्नछत्राची चूल पेटे, आणि पाणी आहे, उतारा आहे म्हणून व्यापारी त्या बाजारात येई. एक हात दुसऱ्याला धुतो तसा हा प्रकार होता.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. खडकी गाव मलिक अंबरने १६१० साली वसविले. हबसाणातून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आणि या उघड्या माळावर त्याने जमिनीखालून नहर आणून पाणी खेळविले. पुढे याच खडकीचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. अंबरची नहर हे राज्यकर्त्याचे काम. पण तीच विद्या पुढे धर्मादायाच्या हाती आली, आणि तिचा नमुना म्हणजे खाम नदीच्या काठची पाणचक्की.

बुखाऱ्याच्या मुलखातून आलेले बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी पंथाचे फकीर. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे औरंगजेबाच्या दक्षिणेतील लष्करात गाझिउद्दीनखान फिरोजजंगाच्या छावणीबरोबर हिंडत. या गाझिउद्दीनाचा मुलगा तोच पहिला निजाम. त्या लष्करात तुराणी शिपाई पुष्कळ होते. घरदार हजारो कोस दूर राहिलेल्या त्या लोकांना आपल्या मुलखाच्या फकिराचा तकिया हेच माहेर वाटले असल्यास नवल नाही. तेथे दान साचत गेले. बाबांच्या पश्चात शाह महमूद गादीवर आले, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाणचक्की, हौद, मशीद, सराई असा मोठा विस्तार झाला. त्यात तुर्कताजखान आणि जमीलबेगखान या सरदारांची नावे येतात.

या कामाची करामत सांगण्यासारखी आहे. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून काही कोस चालत येते, एका उंच भिंतीत चढते आणि तेथून हौदात कोसळते. त्याच पाण्याच्या जोराने खालचे पात्यांचे चाक फिरते, चाकाबरोबर जात्याची वरची तळी फिरते आणि पीठ पडू लागते. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छप्पर. वर पाणी, खाली माणसे, त्यामुळे वैशाखातही तेथे गारवा. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंच्या आणि तकियातल्या लोकांच्या भाकरीसाठी हे दळण होई.

लोक त्या जलस्तंभाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र जात्याचे अधिक वाटते. लंगर म्हटला की पीठ पायलीपायलीने लागते, आणि पहाटेच्या अंधारात ते दळावे लागते बाईला. खुंटा धरून तळहाताला घट्टे पडलेल्या बायका आमच्या पिढीने घरोघर पाहिल्या आहेत. पाण्याला दळावयास लावणाऱ्याने किती मनगटांचा भार हलका केला याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि हिशेबाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंगरासाठी गावे लावून देत, म्हणजे काय करीत? खुलदाबादेस शेख बुऱ्हानुद्दीन यांच्या दर्ग्याला फारुकी सुलतानांनी गावे दिली. बुऱ्हाणपूर शहराला नावही याच शेखांचे. गाव दिले याचा अर्थ त्या गावच्या रयतेचा वसूल दिला. सनदेत देणाऱ्या सुलतानाचे नाव येते. नांगर धरणाऱ्याचे येत नाही. जेरुसलेमला सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम हिने १५५२ च्या सुमारास मोठे अन्नछत्र घातले. त्याला पॅलेस्टाइनमधील गावेच्या गावे लावली होती. त्या मुलखातील शेतकरी वसुलाच्या तक्रारी घेऊन काजीपुढे जात, आणि त्या काजीच्या दप्तरात नोंदल्या गेल्या. मला हे दप्तर अन्नछत्राइतकेच मोलाचे वाटते. दान घेणाऱ्याला तोंड नसते. ज्याच्या कष्टातून दान निघते त्याला निदान तेथे तोंड होते.

मुतवल्लीचा प्रश्नही असाच आहे. मिळकत देवाची, हिशेब मात्र एकाच घरच्या वहीत. बाप मुतवल्ली, मग मुलगा, मग नातू. तिसऱ्या पिढीला ती वडिलोपार्जित वाटू लागते. हा दोष एका धर्माचा नाही. आपल्या देवस्थानांच्या जमिनी पुजाऱ्यांच्या आणि पाटलांच्या घशात कशा गेल्या, हे ज्याच्या त्याच्या गावात विचारावे. उस्मानी दरबाराने १८२६ साली वक्फांचे वेगळे खाते केले, तेव्हा मिळकत एका घरातून निघून सरकारच्या तिजोरीजवळ गेली. लंगरात जेवणाऱ्याला वही पाहावयास मिळाली नाही ती नाहीच.

हैदराबाद संस्थान गेल्यावर मराठवाड्यातील इनामे १९५४ च्या कायद्याने खालसा झाली, पण धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळली गेली. या भागातील वक्फ १९५४ च्या केंद्रीय कायद्याखाली आले. मुंबईकडे मात्र १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा चाले. पुढे २००२ साली सबंध महाराष्ट्राचे एक वक्फ मंडळ झाले आणि त्याची कचेरी थाटली ती पाणचक्कीच्याच आवारात. शहराला जायकवाडीचे नळ आले, नहरींवर घरे उठली. वाटसरूंचे दळण केव्हाच बंद पडले. प्रवासी चक्की पाहावयास येतात, आणि त्याच आवारात लंगरांच्या जमिनींचे कागद फडताळांतून ठेवलेले असतात.