पावसाळ्यात होडीला बुरशी का येते, आणि ती कशी काढायची?

मोहोपाड्याजवळून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. पावसाळी मासेमारी बंदीत (२०२५ मध्ये १ जून ते ३१ जुलै) रायगडच्या खाड्यांकाठी होड्या किनाऱ्यावर ओढून प्लास्टिकने शाकारतात. पाऊस आत येत नाही, पण घट्ट झाकलं तर आतली दमट हवाही बाहेर पडत नाही. बुरशीला तेवढं पुरतं. त्यात लाकडावर सुकलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. म्हणून शाकारण्याआधी होडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी, तळातलं पाणी उपसावं. ओली जाळी आत नकोतच. प्लास्टिक बांबूवर उचलून दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवावीत.

बुरशी आलीच, तर कोरडी खरवडू नका. तिचे बारीक कण केबिनभर उडतात. मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून सुकवा. ब्लीचने वरचा डाग जातो, लाकडात मुरलेली बुरशी राहते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर तर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद केबिनमध्ये तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी लाकूड टोचून पाहा. सुरी सहज रुतली, तर फळी कुजली आहे; पुसून भागणार नाही, सुताराला दाखवा.